सातवा गुण

६ जानेवारी

प्रिय बिट्टी,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम. तो तुला आणि तुझ्या घरच्यांना सुखात ठेवो. गुडघा सोडला तर मी बरी आहे. तू पाठवलेला स्वेटर मिळाला. बाह्या चार बोटं लांब आहेत. तुझ्या आठवणीत माझे हात वाढलेले दिसतात.

बाबांची विचारपूस केलीस, नवल वाटलं. तू घर सोडल्याला अठ्ठावीस वर्षं झाली, त्यात ही पहिलीच. झटका येऊन सात आठवडे झाले. उजवी बाजू गेली ती गेलीच. डॉक्टर म्हणतात, फार तर दोन महिने. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. जन्मभर दुकानदारांची वजनमापं तपासली, आता चादरीची दोन्ही टोकं सारखी लोंबतात का ते डाव्या हाताने ओढून बघत बसतात. त्यांचा पलंग स्वयंपाकघरात, मागच्या दारासमोर आणून ठेवलाय, तिथे जरा ऊब असते.

तू लिहितेस, नर्स ठेव, खिडकी उघडी ठेव, फळांचा रस दे. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं? मी नऊ ते पाच कवळ्या करते. समोर परक्या लोकांच्या हिरड्यांचे प्लास्टरचे साचे, त्यावर मेण लावायचं, एकेक दात बसवायचा, घासायचा. घरी आलं की बाबा. त्यांची कवळीही माझ्याच हातची. आजारपणात हिरड्या आटून ती सैल झाली होती, मी आतून नवा थर देऊन घट्ट केली.

बोलण्याचे व्यायाम घ्यायला एक बाई आठवड्यातून एकदा येतात. त्या म्हणाल्या, "जुनं पाठ केलेलं काही असेल तर रोज म्हणून घ्या. नवं विसरतं, पाठांतर टिकतं." मी काय म्हणून घेत असेन, ओळख बघू.

देव कसा आहे? सनातन, अविकारी, सर्वज्ञ, सर्वसमर्थ, पवित्र, न्यायी, दयाळू.

आई गेल्यावर रोज संध्याकाळी पुढच्या खोलीत खुर्चीमागे उभं राहून हे म्हणायचं. सात गुण झाल्याशिवाय ताटाला हात लावायचा नाही. एक चुकला की मागच्या पायरीवर, दाराला कडी, आठवेपर्यंत. मी अकराची, तू सहाची. तू दर दोन दिवसांनी सातव्याला अडायचीस, कारण तोवर तुझे डोळे ताटात पोचलेले असायचे.

गंमत म्हणजे आता बाबाही सातव्यालाच अडतात. सहा कसेबसे ओढत नेतात आणि सातव्याला भलतंच काहीतरी बोलतात. मग मी त्यांच्याच नियमाने वागते. कवळी काढून वाटीत ठेवते आणि ताट उचलते. पातळ सूप देते, उपाशी ठेवत नाही. मी काही राक्षसीण नाही. देव अविकारी आहे, माणूस बघून बदलत नाही, हे त्यांनीच शिकवलं ना?

तू येऊ नकोस. थंडीतला प्रवास तुझ्या कानाला सोसायचा नाही.

तुझी,
ताई


१९ जानेवारी

प्रिय बिट्टी,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र आलं. चारच ओळी, पण काय त्या! "म्हाताऱ्या माणसाचे दात काढून घेतेस? लाज कशी वाटत नाही तुला?" वाटते की. पण ज्याने तुला पायरीवर उभं केलं, त्याच्यासाठी तुझा जीव कधीपासून तुटायला लागला?

ती हिवाळ्यातली संध्याकाळ मलाही आठवते. ताप उतरला तेव्हा तुझा डावा कान गेला होता. मोठी झाल्यावर तू अख्ख्या मंडळीसमोर उभी राहून म्हणालीस, "मी शब्द म्हटला होता. दाराला तोंड लावून म्हटला होता. बाबांनी ऐकला आणि दार उघडलं नाही. असला देव मला नको." त्याच आठवड्यात घर सोडलंस, चर्चही सोडलंस. बाबा एक अक्षर बोलले नाहीत. मीही नाही.

बाबा रविवारच्या शाळेत मुलांना काय सांगायचे, आठवतं? गुण म्हणजे कपडे नव्हेत. एक काढला, दुसरा घातला, असं देवाचं नसतं. तो न्याय करतो तेव्हा दया खुंटीला टांगून ठेवत नाही, आणि दया करतो तेव्हा न्याय घरी विसरून येत नाही. तो सगळाच्या सगळा एकाच वेळी असतो. बोलायचे मात्र सुरेख. मला लहानपणी ते पटायचं. आता वाटतं, देवाला जमत असेल, माणसाला एवढं एकदम अंगावर घालता येत नाही. मला तर एका वेळी एकच पेलतो.

तू विचारलंस, "एकच सांग ताई, ते माझं नाव घेतात का? घेत असतील तर मिळेल त्या गाडीने निघते. नसतील तर पुन्हा त्यांचं काही कळवू नकोस."

नाही. तुझं नाव घेत नाहीत. माझंही घेत नाहीत, तेव्हा फार लावून घेऊ नकोस.

स्वेटरच्या बाह्या मी उसवून आखूड केल्या. आता बरा बसतो.

तुझी,
ताई


१२ फेब्रुवारी

बिट्टी,

आज सलाम नाही, आशीर्वादही नाही. बाबा गेले. परवा पुरलं. तुला मुद्दाम कळवलं नाही. चर्चच्या पाळकांनी विचारलं, "धाकटीला निरोप दिला का?" मी हो म्हटलं. कवळी घालूनच पेटीत ठेवलं. गाल भरलेले दिसत होते. पाळक म्हणाले, "किती शांत दिसतात." शांत कसले, ते माझं काम होतं. चांगल्या बसलेल्या कवळीने कोणीही शांत दिसतो.

आता खाली बस आणि शेवटपर्यंत वाच. मग हवं तर फाडून टाक.

ते तुझं नाव घ्यायचे. रोज. सातव्या जागी. "सनातन, अविकारी, सर्वज्ञ, सर्वसमर्थ, पवित्र, न्यायी, बिट्टी." मी म्हणायची, "चूक." ते पुन्हा म्हणायचे, "बिट्टी." मी बोट घालून कवळी काढायची. व्यायामाच्या बाई म्हणाल्या, डोक्यात शब्दांच्या जागा हलतात, मनावर घेऊ नका. पण सहा जागच्या जागी राहून एकच हलतो होय? अठ्ठावीस वर्षं त्यांचं सगळं मी केलं. लग्न केलं नाही, त्यांना सोडून एक रात्र कुठे राहिले नाही. आणि सातव्या जागेवर तू. एकदा मी विचारलं, "बाबा, मी कोण?" तर त्यांनी डावा हात कपाळाला लावला, परक्या बाईला सलाम करतात तसा.

दुसरं सांगते. हे पहिल्याहून वाईट आहे.

त्या संध्याकाळी तू शब्द म्हटला होतास. मला माहीत आहे, कारण दाराच्या आत मी होते. बाबा पुढच्या खोलीत टेबलाशी बसले होते, त्यांना काही ऐकू येण्यासारखं नव्हतं. त्यांनीच मला पाठवलं, "जा, आठवला का विचार तिला." तू फटीला तोंड लावून म्हणालीस, "दयाळू. ताई, दयाळू." मी परत जाऊन सांगितलं, "नाही आठवत म्हणते." त्यांनी तीनदा पाठवलं. तिन्ही वेळा तू म्हणालीस, तिन्ही वेळा मी तेच सांगितलं. ते ताट पुढे सरकवून बसून राहिले होते, एक घास घेतला नव्हता. मी माझं जेवले.

का, म्हणून विचारशील. तू चुकलीस की ते आधी मिशीत हसायचे, मग बाहेर काढायचे, आणि आत घेताना कडेवर घ्यायचे. मी कधी चुकले नाही, म्हणून मला कधी कोणी कडेवर घेतलं नाही. एवढंच. याहून मोठं कारण असतं तर मलाही बरं वाटलं असतं.

शेवटी ते स्वतः उठून गेले, तेव्हा तू भिंतीशी निपचित पडली होतीस. त्यानंतर या आजारपणापर्यंत आपल्या घरात ते सात गुण कोणी म्हटले नाहीत. त्यांना वाटलं, पोर हट्टाने मुकी राहिली आणि आपण तिचा कान घालवला. तुला वाटलं, बापाने ऐकून कडी काढली नाही. माझ्या एका वाक्याने तुम्ही दोघं सुटला असतात. आपलेच दात, आपलेच ओठ म्हणतात. मी चाळीस वर्षं तोंड मिटून होते.

जायच्या दोन दिवस आधी मी बाबांना सांगितलं. मन हलकं करायला नव्हे. त्यांना लागावं म्हणून. त्यांनी पुन्हा तुझं नाव घेतलं आणि माझं डोकं फिरलं. म्हटलं, "तिने शब्द म्हटला होता, बाबा. मी तुमच्याशी खोटं बोलले." त्यांना समजलं. मग डावा हात उचलून मागच्या दाराकडे बोट केलं. मला वाटलं, मला हाकलतात. उठले. तर मान हलवली आणि हाताने खूण केली, उघड.

कडी काढली. पायरीवर कोणी नव्हतं. लावायला गेले की ते घशातून आवाज काढायचे. दोन दिवस दार सताड उघडं होतं, वारा आत येत होता आणि त्यांचे डोळे उंबऱ्यावर होते. सात गुण नाहीत, सूप नाही, काही नाही. मिळेल त्या गाडीने तू सहा तासांत पोचली असतीस. फोन माझ्या हाताशी होता. मी केला नाही.

क्षमा मागत नाही. मागितली तर तू देशीलही, तुझा स्वभाव तसला आहे, आणि मला ते सोसायचं नाही. देव सर्वज्ञ आहे, त्याला हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. पण तो मला काही बोलला नाही. म्हणून तुला सांगितलं. तू बोल. नाहीतर तूही गप्प राहा, आणि मग मला कळेल गप्प राहणं कसं लागतं ते.

दार काल लावलं. वाटी धुऊन ठेवली.

देवाखेरीज तुझा तो शब्द ऐकलेली एकटीच,
ताई