खिडकीजवळचा चौथा

तात्या,

आज पंधरा फेब्रुवारी, शनिवार, सकाळचे आठ वाजून दहा मिनिटं. तिसरी शिफ्ट करून चाकणहून आलो, बूट काढले आणि कपडे न बदलताच लिहायला बसलो. आई आणि धाकटी आवरतायत. दहाला आम्हाला आळंदीला निघायचंय. कशासाठी ते सांगतो, पण आधी थायलंडचं सांगायला हवं.

धाकटीला बोनस मिळाला आणि तिने आम्हा तिघांची तिकिटं काढली. मी पासपोर्टवरची नावं तिकिटाशी अक्षर न् अक्षर लावून पाहिली, तेव्हा ती म्हणाली, "दादा, विमान पडलं तरी स्पेलिंग बरोबर निघेल बघ." आईने दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि ठेचा बांधला, आणि उंबऱ्यात थांबून पिशवीत एक खडा टाकला. तीन तिघाडा, काम बिघाडा, हे तुम्हीही मानायचात. तिघं कुठे निघालो की चौथा माणूस म्हणून एक खडा बरोबर असायचाच. त्यामुळे मला त्यात काही वेगळं वाटलं नाही. विमानतळावर मशिनमधून पिशवी गेली आणि तिथल्या साहेबाने खडा हातात धरून विचारलं, हे काय. आई म्हणाली, "चौथा माणूस हाय आमचा. तिकीट न्हाई लागत." साहेब हसला, पण खडा परत देताना त्याने दोन्ही हातांनी दिला.

तिकडे मजा खूप झाली. अननसवालीशी आई मराठीत भांडली, ती तिच्या भाषेत भांडली, आणि शेवटी दोघी एकमेकींच्या बांगड्या बघत बसल्या. काडीवर तळलेला विंचू दिसल्यावर आईने त्याला लांबूनच नमस्कार केला. पण हॉटेलात नाश्त्याला पोऱ्याने चार कप मांडले. बोटीवर चार लाइफ जॅकेट हातात दिली. आम्ही दोघं हसायचो. आई हसायची नाही. ती चौथा कप ओढून घ्यायची, त्यात दोन चमचे साखर घालायची आणि तसाच निवू द्यायची. तिला तर साखर वर्ज्य आहे.

आमच्या व्हॅनचा ड्रायव्हर तुमच्याच वयाचा असेल, म्हणजे तुम्ही गेलात तेव्हाच्या. निघण्याआधी तो आरशात बघून ओठ हलवायचा आणि मग स्टिअरिंगवर पेराने दोनदा टकटक करायचा. पहिल्यांदा ते ऐकलं आणि मी पुढे वाकून त्याचा हात बघितला. कंपनीची बस तुम्ही अशीच काढायचात. मी आठवीत होतो, सुट्टीत तुमच्यासोबत बसलो होतो, आणि दापोडीच्या स्टॉपवर सहज म्हणालो, सगळे आले. तुम्ही मागे न बघता म्हणालात, "आले म्हणू नको. मोज." तेव्हापासून मी मोजतोय. तुम्ही गेल्यावर आयटीआय अर्धं राहिलं, पण मोजणं सुटलं नाही.

तिसऱ्या दिवशी मी गुपचूप खडा पिशवीतून काढला आणि हॉटेलच्या खणात ठेवून दिला. मला बघायचं होतं. आम्ही गाडीत बसतो. आई नेहमीसारखी पिशवी खिडकीजवळच्या सीटवर ठेवते. ड्रायव्हर आरशात बघतो, ओठ हलतात, हात स्टिअरिंगवर तसाच राहतो. टकटक होत नाही. मग तो मागे वळून त्या सीटकडे बोट दाखवतो आणि चार बोटं वर करतो. धाकटी मोबाइलवर बुकिंग दाखवते, तीनच नावं आहेत. तो वाचतो, मान हलवतो आणि वाट बघत बसतो. बाहेर भर ऊन. आईने पिशवीत हात घातला, चाचपलं आणि माझ्याकडे बघितलं.

"वर जा," ती म्हणाली. "त्यास्नी घिऊन ये."

मी खडा आणला. टकटक झाली. गाडी निघाली.

संध्याकाळी समुद्रावर तिने सांगितलं. "दहाव्याला तू नदीत सोडलास तो दुसराच व्हता. फडक्यातला म्या आदल्या दिशी बदलला. ह्यो तुज्या तात्यांचा जीवखडा हाय." म्हणजे चितेभोवती फिरताना माझ्या खांद्यावरचं मडकं ज्याने फोडलं, तो. तो पाण्यात सोडला की माणूस सुटतो म्हणतात. त्या दिवशी कावळा दुपारपर्यंत समोरच्या भिंतीवर बसून होता, चुलत्यांनी सगळी वचनं दिली तरी पिंडाला शिवला नाही. शेवटी दर्भाचा कावळा करावा लागला. अकरा वर्षं मला वाटत होतं, माझंच काही चुकलं.

मी विचारलं, असं का केलंस. ती म्हणाली, "रिटायर झालो की इमानात बसू म्हनायचे. मंग कसं सोडू? आता बसलं. आता तू म्हनशील तसं." मी म्हणालो, नीट सोडू, आळंदीला. तीही हो म्हणाली. तेवढ्यावरच आम्ही परत आलो, आणि येताना विमानात तिने तुम्हाला मांडीवर, खिडकीकडे धरलं होतं.

हे पत्र खड्याबरोबर फडक्यात बांधून पाण्यात सोडायचं ठरवलं होतं. फडकं आईने काल खड्यासकट माझ्याकडे दिलंय. पण आता पत्र घरी माझ्या खणातच राहील. खरं सांगतो, आज शिफ्ट सुटल्यावर कंपनीमागच्या भरावातून मी एक खडा उचलून आणलाय, तसाच काळा, तेवढ्याच वजनाचा. दोन खिशांत दोन आहेत. मगाशी रिक्षावाल्याचा फोन आला, किती माणसं म्हणून. मी म्हणालो, जाताना चार. मग न विचारताच म्हणालो, येतानाही चारच.