चांदणी नसलेला चौकोन

सोमवार
बाळा, चष्मा डोक्यावर आणि शोधाशोध घरभर, असा तू. मला इथे आणून ठेवलंयस, हे तरी ध्यानात आहे ना? नसेल तर ही रोजनिशी वाच. मी बोलते, फोन लिहितो. जन्मभर अक्षराशी वाकडं, आणि म्हातारपणी लेखिका! वृद्धाश्रम झकास आहे. खिडकीत ऊन, गादी मऊ. शेजारच्या खाटेवर एक निवृत्त मास्तरीणबाई. प्रत्येकीच्या उशाशी काचेची पाटी, तिच्यावर आपापला फॉर्म झळकतो. माझा तू भरलास तोच.

मंगळवार
मास्तरीणबाईंनी फॉर्म वाचून दाखवला. तांबडी चांदणी असलेला चौकोन भरावाच लागतो, नाहीतर फॉर्म पुढे सरकत नाही म्हणे. चांदणी नसेल तो ऐच्छिक. तू चांदणीवाले तेवढे भरलेस: वर नाव, मग वय, खाली खाटेचा नंबर. काय आवडतं, घरी कधी नेणार, सगळं कोरं. लहानपणी अभ्यासही असाच उरकायचास.

बुधवार
जेवणात मीठच नाही. मागितलं, तर वाढणारी म्हणाली, आजी, आवडीचा चौकोन रिकामा आहे, म्हणजे तुम्हाला आवड नाही. मी हसले. ती हसली नाही. तुला फोन केला. ते ऐच्छिक असतं गं आई, सवडीने भरतो, म्हणालास. तुझी सवड आणि माझे दात एकदमच गेले म्हणायचे.

शुक्रवार
मास्तरीणबाईंच्या नावापुढची चांदणी नाहीशी झाली. त्यांनीच दाखवलं. सकाळपासून त्यांना कुणी हाक मारली नाही. दुपारी नावाचा चौकोनही कोरा. जेवणाची गाडी त्यांच्यापुढून सरळ निघून गेली. त्या बोलावत होत्या रे. मोठ्याने.

शनिवार
वाढणारीने त्यांच्या खाटेवर धुतलेली चादर घातली. बाई खाटेवरच बसल्या होत्या. चादर सपाट बसली. मी ओरडले. ती म्हणाली, आजी, ती खाट रिकामीच आहे.

रविवार
चौकोन भर. घरी नेण्याचा राहू दे, आवडीचा तरी भर. फोन उचल ना—

सोमवार
माझ्या पाटीवर एकच चांदणी उरलीय. खालची. खाटेची. म्हणजे खाट हवीच, आणि मी— मी ऐच्छिक?
गाडी थांबली नाही. आता मिठाचं काही नाही, नुसतं जेवण—

मंगळवार
डबा पाठव. मऊ भात, मीठ जरा जास्त, लिंबाची फोड. डब्यावर माझं नाव घाल, नाहीतर मला देणार नाहीत. नुसतं 'आई' नको, इथे सगळ्याच कुणाच्या ना कुणाच्या आया. नाव घाल. पाटीवरचा वरचा चौकोन पांढराशुभ्र— बाळा, तुला तरी आठवतंय ना? माझं नाव—