पूर्वेची बोअर बंद

११ जून

बत्तीस दिवस पावसाचा थेंब नाही. पूर्वेच्या बोअरच्या पाण्यात मिठाचं माप लिटरमागे दोनशे अडतीस मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्याची मर्यादा अडीचशे. गेल्या जूनमध्ये एकशे दहा होतं! समुद्र जमिनीखालून बेटात शिरतोय, आणि आमच्या पाणी समितीला पडलीय ती जुलैत सुट्टीला येणाऱ्या पाहुण्यांची.

एब्बे अध्यक्ष. वय चौऱ्याहत्तर. ही पाणीयोजना त्यांच्या वडिलांनी उभी केली. मला म्हणाले, "पोरी, समुद्र काय काल आलाय?"

काल नाही! पण दरवर्षी थोडा वर चढतोय, आणि पंप मी चालवते, तुम्ही नाही.

१२ जून

नवी बोअर बेटाच्या मध्यावर हवी, किनाऱ्यापासून लांब. तीन वर्षं घसा कोरडा करतेय. उत्तर एकच — "बघू."

१७ जून

दोनशे छप्पन्न. बंद केली! कुणाला विचारलं नाही. किल्ली माझ्या खिशात. आता अख्खं बेट पश्चिमेच्या बोअरवर.

१९ जून

नळाची धार बारीक झालीय. दुकानात एब्बे सगळ्यांदेखत — "विबेकेबाई, आमच्या बटाट्यांना आज पाणी मिळेल, की अर्ज करू?"

सगळे हसले.

"अर्ज कशाला? पूर्वेचं देते की. वरून मीठ घालायला नको!"

पुन्हा हसले — या वेळी माझ्या बाजूने. घरी येऊन दाराला आतून कडी घातली. रागाने. भीतीने मुळीच नाही!

२४ जून

समितीचं पत्र. 'अधिकाराबाहेर जाऊन' वगैरे. परवा सर्वसाधारण सभा, माझ्यावर ठपका ठेवायला. ठेवा!

२६ जून

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. कॉफी मीच केली, पूर्वेच्या पाण्याची. आधी सांगून. चोरून पाजणारी मी नव्हे.

"कुणाच्या जिवाला धोका नाही," मी म्हटलं. "फक्त चव बघा. आणि पाच वर्षांनी काय असेल, ते मनात आणा."

कुणी कपाला हात लावेना. मग एब्बे उठले. एका दमात प्यायले, कप ठेवला.

"माझ्या बापाच्या पाण्याला ही चव नव्हती," म्हणाले, आणि खाली बसले.

ठपका राहिला बाजूला; नव्या बोअरच्या बाजूने एकसष्ट हात. विरोधात बावीस. एब्बेंचा हात वर होता — माझ्या बाजूने!

२७ जून

जिंकले! बोअर मारणारं यंत्र ऑगस्टमध्ये बोटीने येणार. ठपक्याचं पत्र फाडलं. दोन ताटं भरून हेरिंग मासे एकटीने खाल्ले.

१ जुलै

आज पश्चिमेची मोजली. एरवी चाळीस असते. दोनशे चार!

मोजायचं यंत्र बिघडलं असेल म्हणून तीनदा मोजली. नाही बिघडलं. पूर्वेला कुलूप लावलं आणि त्याच दिवसापासून हिच्याकडून दुप्पट उपसा — मीच करत होते. इतकं ओढलं की खालचं खारं पाणी वर आलं. दोन आठवडे मी तिकडे बघितलंसुद्धा नाही. भांडत होते.

पंप निम्म्यावर आणलाय. दुकानाच्या दारावर कागद लावलाय — बागांना पाणी, गाड्या धुणं, पोहण्याचे हौद भरणं बंद. पश्चिमेची बोअर माझ्या चुकीने खारावली. — विबेके.

आता एब्बेंकडे निघालेय. कागद त्यांनी वाचण्याआधी.