अप्पांच्या वहीच्या चामडी बांधणीविषयी

परभणी, शुक्रवार

चि. सौ. चन्नबसम्मा हिस थोरला भाऊ महालिंग याचे आशीर्वाद; घरच्या सर्वांस शरणार्थ.

शिवप्रकाशरावांचा गुडघा आता जिना चढू देतो असे कळले, समाधान वाटले. आमच्या प्रकृती ठीक, मतभेद तेवढे बळावले आहेत.

अप्पांच्या हातची शरणांच्या वचनांची वही तू बांधणीसाठी माझ्या स्वाधीन केलीस. येत्या गुरुवारी त्यांच्या पुण्यस्मरणास ती आमच्या देव्हाऱ्यात असेल, हा शब्द कायम आहे. कापडी पुठ्ठा दहा वर्षांत झिजतो, शेळीचे कमावलेले चामडे पिढ्यान्‌पिढ्या टिकते, वही पिढ्यान्‌पिढ्या टिकावयाची आहे, सबब चामडे. तुझ्या वहिनीने, वैजयंतीने, या अनुमानात दोष दाखवला नाही, नुसते सांगितले, "चामडं देव्हाऱ्यात येणार न्हाई." कीर्तनातील मृदंगास चामडेच असते, हा दाखला मी दिला. "मृदंग वाजवितेत," ती म्हणाली, "तुमी वही वाजवायलाव का?" (प्रतिपक्षाचा दाखला त्याच्यावरच उलटवण्याचे हे कसब तिने कोठे मिळवले, हे चाळीस वर्षांत कळलेले नाही.)

तथापि ताडकळसच्या बाजारातून मी तरवडाच्या सालीत कमावलेले कातडे आणले. त्यावर राजगिऱ्याएवढा उठावदार रवा, म्हणजे कातड्याचा कणीदार पोत, होता. विकणारे चंद्रभान म्हणाले, "गुरुजी, वल्लं असताना वजन ठिवू नका. रवा बसतो, मग उठत न्हाई." मी ऐकून घेतले. परंतु खळ लावलेली प्रत्येक बांधणी वजनाखालीच सरळ वाळते, आणि ही खळ लावलेली बांधणी होती. म्हणून तिच्यावर पाटा ठेवला. पाठीकडून ओबडधोबड असल्याने वाटणाची सपाट बाजू खाली केली. (त्या बाजूस गेल्याच आठवड्यात टाकी लावून नव्या खाचा पाडून घेतल्या होत्या, ही बाब विचारात घ्यावयाची राहिली.)

तिसऱ्या दिवशी पाटा उचलला. रवा नव्हता. त्या जागी टाकीचे घाव, ओळीने, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. "आता हिच्यावर चटणी वाटा," वैजयंती म्हणाली. मग वही मांडीवर घेऊन बराच वेळ पुठ्ठ्यावरून बोटे फिरवत बसली. "सासूबाईंचा पाटा हाय की हा," एवढेच बोलली. (पाटा आईचा असला तरी घाव गेल्या आठवड्याचे आहेत, हे मी निदर्शनास आणले. तिने लक्ष दिले नाही.)

वही चामड्यातच राहील. हा निर्णय अंतिम आहे.

तुझा,
महालिंग

ता. क. चामडे दृष्टीस पडणार नाही असा गलेफ घातल्यास वही देव्हाऱ्यात येऊ शकेल, असे वैजयंतीने ठरवले आहे, व ते मी मान्य केले आहे. आईचे इरकली लुगडे तुझ्याकडे आहे. त्याचा गलेफ बुधवारपर्यंत शिवून पाठव.

आणखी एक. अस्तर लावू नकोस. वरून हात फिरवला तर पाटा लागला पाहिजे.