तुमच्या पेपरांना लावलेलं कुंकू

अहो,

आधी टपकला तो जुने दुर्मिळ पेपर विकत घेणारा व्यापारी. अकराची वेळ दिलेली, दहालाच हजर! माझी पोळी तव्यावर. मागोमाग लायब्ररीतल्या बाई आल्या, काठी टेकत, माझ्याच वयाच्या, तुमच्या पेपरांतल्या चळवळीतच वाढलेल्या. दोघांना एकाच दिवशी बोलावलं तुमच्या लाडक्या मंदारने. तुम्ही गेलात, आता त्याला गॅरेज रिकामं हवंय. तुमची पेपरांची बारा खोकी जाणार, म्हणून लिहायला बसले. चौथीचं अक्षर आहे, सांभाळून घ्या.

किती चिडायचे मी त्या खोक्यांवर! या देशात येऊन स्टेट कॉलेजला शिकत होतात तेव्हापासून पेपर जमवलेत. इथे क्युपर्टिनोला येताना तेवढे आणलेत, माझा पाटा-वरवंटा मात्र जुन्या घरीच टाकलात. काय आहे यात, विचारलं की म्हणायचात, "काळ्या लोकांच्या हक्कांची लढाई. तुला नाही कळायचं." का नाही? सांगून तरी बघितलंत?

व्यापाऱ्याने पहिला पेपर उघडला आणि ओरडलाच, "ओ नो!" फोटोत टोप्या घातलेली तरणीताठी पोरं, हातात बंदुका, आणि प्रत्येक बंदुकीवर हळदीकुंकवाचं बोट.

"आई, हे तू केलंस?" मंदार.

"मग? खंडेनवमीला शस्त्रं पुजायची असतात. घरात दुसरं होतं काय? एक विळी!"

"यार आई, सगळं रुइन केलंस!"

तुम्ही दरवर्षी बघत होतात ना? एकदा तरी बोलायचंत! हसत बसलात मनातल्या मनात?

व्यापारी म्हणाला, डाग नसलेले निवडून नेतो, उरलेले फेका. फेका!

आपली रिया एक पान वाचत होती, ती म्हणाली, "आजी, लिसन! हे लोक सकाळी शाळेआधी लहान मुलांना फ्री ब्रेकफास्ट द्यायचे. एव्हरी डे!" नात किती छान वाचते हो! पण मी कपाळावर हात मारला. अहो, हे सांगायचंत ना मला! पहाटे उठून पोरांना खाऊ घालणं मला नाही कळणार तर कुणाला? चाळीस वर्षं मी नुसत्या बंदुका बघितल्या.

बाईंना कुंकवाचं कारण रियानेच सांगितलं. त्या फोटोवर वाकल्या. "हा डावीकडचा ना, ओळखते मी याला. फार भांडकुदळ. याला एवढीशी पूजा पुरली नसती!" आणि खो खो हसल्या. म्हणाल्या, खोकी फोडू नका, डागांसकट सगळी हवीत. पण कमिटीला विचारावं लागेल. इथेही कमिटी!

मंदार म्हणतो, आधी येईल त्याला देऊन टाकू. तर ऐका, तुम्हाला शब्द देते. गॅरेजच्या दारात खुर्ची टाकून बसणार आहे, आणि रियाकडून एकेक पेपर वाचून घेणार आहे. सुटं एक पान हलू देणार नाही. व्यापारी शुक्रवारी येतो म्हणालाय, येऊ दे. बाई कमिटीला विचारून सोमवारी येणार आहेत, तोवर मी बसलेय.

तुमची,
मालती