मंगळवारचा कैदी

हॅव्हरस्टो,
शुक्रवार, सप्टेंबरचा पहिला आठवडा

ती. डल्सी मावशींना,

रोलंडचा आदरपूर्वक नमस्कार. हेझलचाही. ती कोंबड्यांना दाणे टाकते आहे, पण मी कागद काढलेला पाहून तिने खिडकीतूनच तो पाठवला आहे. तुमचा गुडघा कसा आहे? समुद्राचा वारा गुडघ्याला चांगला की वाईट, यावर आमच्याकडे दोन मतं आहेत. एक हेझलचं आणि एक तिचंच, दुसऱ्या दिवशीचं. आम्ही दोघं देवदयेने बरे आहोत. प्लम यंदा इतके आले आहेत की शेजारी आम्हाला पाहून दार लावून घेतात. पत्राला उशीर झाला त्याची क्षमा असावी. मी दोन महिने न्यायालयात होतो. (घाबरू नका. बसून वाचा.)

मावशी, प्रामाणिक माणसाला पार्किंगचा दंड होत नाही, असं तुम्ही आम्हाला शाळेत सांगायचात. आमच्या गावच्या शाळेत तेव्हा सतरा मुलं होती आणि गाडी एकाच्याही घरी नव्हती, पण धडा पक्का बसला. म्हणून चर्चमागच्या वाहनतळाच्या खासगी कंपनीचं पहिलं पत्र आलं, तेव्हा ते दुसऱ्याच कुणाला असेल असं मी धरून चाललो. दुसऱ्या पत्राच्या वेळी मी कामाला आहे त्या बियाण्याच्या कोठारातले सगळे म्हणाले की ही सरकारी पत्रं नव्हेत, फेकून दे. मी फेकली नाहीत. कागदाची मागची बाजू कोरी होती, आणि कोरा कागद फेकायला तुम्ही शिकवलेलं नाही. घंटांच्या फेऱ्या लिहायला मी ती वापरली. आम्ही सहा जण मंगळवारी संध्याकाळी मनोऱ्यात सरावाला जमतो, हे तुम्हाला ठाऊक आहेच. त्यात कुठली घंटा कुणानंतर वाजायची ते आकड्यांच्या रांगांनी लिहून पाठ करावं लागतं. पत्रं लाल होत गेली, माझा सराव सुधारत गेला. मग सगळं शांत झालं. पाच वर्षं.

या जूनमध्ये दावा आला. पाच जुने दंड, त्यांवर वसुलीचा खर्च, व्याज, न्यायालयाचं शुल्क, मिळून नऊशे ब्याऐंशी पौंड. असले दावे सहा वर्षांच्या आत लावावे लागतात. कंपनीला पाच वर्षं दहा महिन्यांनी माझी आठवण झाली. हरलो आणि वेळेत भरले नाहीत, तर नाव सहा वर्षं थकबाकीदारांच्या यादीत. आणि भरायचे कुठून, तर लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला तुमच्याकडे समुद्रावर यायचं म्हणून हेझलने चहाच्या डब्यात साठवलेत त्यातून. हेझल एवढंच म्हणाली, "डब्याला हात लावलास तर समुद्र तुला बादलीत दाखवीन." फोनवर तुमचा सल्ला विचारला तेव्हा तुम्ही म्हणालात, "चूक केली असेल तर भर. साठ वर्षं गाडी चालवते आहे मी, कुणाची चिठ्ठी म्हणून आली नाही." ते मी वहीत लिहून ठेवलं. चूक केली नव्हती, म्हणून लढायचं ठरवलं.

पाच तारखा होत्या. चार मंगळवार, एक शनिवार. मंगळवारचं सोपं होतं. तिथे दोन तास फुकट थांबता येतं. कापणीच्या सणाआधी आम्ही जास्त वेळ सराव करतो, त्यामुळे चारदा गाडी अडीच तास राहिली. (बाकीचे पाच जण चालत येतात. मीच तीन मैलांवर राहतो, म्हणून वाहनतळाच्या कॅमेऱ्याला माझाच लळा.) पण चर्चच्या कामाला येणाऱ्यांना सूट होती. जुन्या पाद्रीबाबांचा कंपनीशी तसा लेखी करार होता: गाडीचा नंबर आणि तारीख चर्चच्या देवडीतल्या वहीत लिहायची, की वेळेचं बंधन नाही. मी दर मंगळवारी न चुकता लिहीत होतो.

शनिवारचं तसं नव्हतं. त्या शनिवारी गाडी पाच तास वीस मिनिटं उभी होती आणि ती मी नेलेली नव्हती. कोणी नेली होती ते मला माहीत होतं. नाव सांगितलं की पुढची पत्रं त्या माणसाला जाणार, आणि खोटं बोलणं मला जमत नाही. ते का जमत नाही हे तुमच्या पट्टीला ठाऊक. सुनावणीपर्यंत मी रोज रात्री हेच मागत होतो, की देवा, जिंकव असं म्हणत नाही, पण तो प्रश्न कुणाच्या तोंडी येऊ देऊ नकोस.

आधी उत्तर लिहायचं होतं. मी अकरा पानं लिहिली. सुरुवात ते वाहनतळ पूर्वी गवताचं कुरण होतं आणि माझे आजोबा तिथे विळा चालवायचे इथून होती. वाचनालयात दर गुरुवारी मोफत सल्ला देणाऱ्या बाई बसतात. त्यांनी अकरा पानं वाचली, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "छान आहे हो. आता यातलं न्यायाधीशांना काय कळायला हवं ते दोन पानांत लिहा." त्याला तीन गुरुवार लागले. विळा गेला. आणि त्या म्हणाल्या, ती वही शोधा.

आता वहीची गोष्ट. मी नव्या पाद्रीबाईंकडे गेलो. त्यांनी कपाट उघडून एक निळी वही काढली, वर लिहिलेलं 'वाहनांची नोंद'. आत एक अक्षर नाही. जुने पाद्रीबाबा ती देवडीत ठेवायचंच विसरले होते आणि निवृत्त होऊन गेले. देवडीत एकच वही होती, अजून आहे, दोरीला पेन्सिल बांधलेली. ज्यांच्यासाठी प्रार्थना व्हावी त्यांची नावं लोक जीत लिहितात ती. आजारी माणसं, परीक्षेला बसलेली नातवंडं, हरवलेली मांजरं, आणि त्यांच्यामध्ये दर मंगळवारी, माझ्या हस्ताक्षरात, माझ्या गाडीचा नंबर.

प्रत्येक नंबरापुढे 'झाले' अशी बारीक खूण होती.

खुणा मिस ऑलिव्ह स्पिंक यांच्या, नाव पहिल्यांदा वाचून झालं की त्या करतात. तुम्हाला आठवत असतील, टपाल कचेरीत होत्या, आता चौऱ्याऐंशीच्या आहेत. दर बुधवारी सकाळी दहाला आठ माणसं जमतात आणि मिस स्पिंक वहीतलं एकेक नाव मोठ्याने वाचून प्रार्थना करतात. मी कामावर असतो, मला काय कळणार. मी त्यांच्या घरी जाऊन हळूच विचारलं, की बाई, हे आकडे तुम्ही कसे वाचायचात? "अक्षरं आधी, मग आकडे," त्या म्हणाल्या. "तुरुंगातल्या माणसांना नावाऐवजी नंबर असतो ना. दर आठवड्याला कुणीतरी आठवणीने लिहून जायचं. आई असेल बिचारी. मी म्हणायचे, प्रभू, याला लवकर सोडव."

मी सांगितलं की ती माझी गाडी आहे. त्यांनी विणकाम मांडीवर ठेवलं. "म्हणजे मी सहा वर्षं एका गाडीसाठी रडते आहे?" मी मान खाली घातली. त्यांनी सुया पुन्हा उचलल्या. मग म्हणाल्या, "पण मंगळवारी अडकलेली गाडी घेऊन तू दर वेळी घरी गेलासच की नाही? मग सोडवलंच की त्याने." आणि न्यायालयात येते म्हणाल्या.

सुनावणी गेल्या बुधवारी जिल्ह्याच्या गावी झाली. (बुधवारची प्रार्थना त्यासाठी आठ वाजता उरकण्यात आली.) न्यायालय म्हणजे दातांच्या डॉक्टरची बसायची खोली असते तशी खोली, एक लांब टेबल. न्यायाधीश बाई होत्या, माझ्याच वयाच्या, सर्दी झालेल्या. कंपनीकडून लोव्हेल नावाचा तरुण वकील आला होता. चांगला मुलगा. बूट मात्र चावत असावेत. त्याने आधी मला आलेली कंपनीची पत्रं पुराव्यात मागितली, उलटून पाहिली आणि विचारलं, "हे आकडे कसले? एकदोनतीनचारपाचसहा, दोनएकचारतीनसहापाच?"

"घंटा, साहेब."

"हा कुठल्या वाहनांचा हिशेब आहे का?"

न्यायाधीशबाई शिंकल्या आणि म्हणाल्या, "पुढे चला, मिस्टर लोव्हेल. माझे वडील वाजवायचे."

मग वही टेबलावर आली. लोव्हेलचं म्हणणं, ही प्रार्थनेची वही आहे, नोंदवही नव्हे. न्यायाधीशबाईंनी करार मागितला. करारात शब्द होते, 'चर्चच्या देवडीतील वही'. त्यांनी मिस स्पिंकना विचारलं, देवडीत किती वह्या आहेत? एक, मिस स्पिंक म्हणाल्या, आणि माझ्या आठवणीत कधी दुसरी नव्हती.

"पण बाईसाहेब," लोव्हेल म्हणाला, "त्या वहीत लिहिलेल्या नंबरांचं चर्चने काय केलं, तर प्रार्थना."

"करारात वहीचं पुढे काय करायचं ते लिहिलं आहे का?"

"नाही, पण..."

"मग तुमच्या कंपनीला प्रार्थना जास्तीची मिळाली. त्याचे पैसे कुणी मागितलेले नाहीत."

चार मंगळवार तिथेच सुटले. माझा श्वास मात्र सुटला नव्हता. लोव्हेल कागद चाळत म्हणाला, "शनिवार, चौदा ऑगस्ट. त्या दिवसाचं पान पाहावं. वहीत नंबर नाही." त्याचं बरोबर होतं. न्यायाधीशबाईंनी पान उघडलं. वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. मग वही मिटून स्वतःच्या कोपराखाली ठेवली. लोव्हेलने हात पुढे केला होता, तो तसाच राहिला. "या पानावर गाडीचा नंबर नाही," त्या म्हणाल्या. "बाकी जे आहे ते या न्यायालयाच्या अधिकारात येत नाही."

मग माझ्याकडे वळून, "गाडी तुम्ही चालवत होतात?"

"नाही, बाईसाहेब. मी कोठारात होतो. हजेरीचा कागद जोडला आहे."

"कोण चालवत होतं, तुम्हाला ठाऊक आहे?"

"आहे. विचारलंत तर खरं सांगावं लागेल. म्हणून हात जोडून सांगतो, विचारू नका."

मिस स्पिंक डोळे मिटून ओठ हलवत होत्या. (नंतर म्हणाल्या, नंबरच म्हणत होते, सवयीने.) न्यायाधीशबाईंनी एक गोळी तोंडात टाकली आणि कंपनीच्या कागदांवर बोट ठेवलं. चालक कोण हे कंपनीला माहीत नसेल आणि पैसे गाडीच्या मालकाकडून हवे असतील, तर त्याला चौदा दिवसांत नोटीस पोचायला हवी. ही निघालीच तेविसाव्या दिवशी. "तेव्हा मालक सुटला, आणि चालक कोण हे विचारायची मला गरज उरली नाही. मिस्टर लोव्हेल, तुम्हाला आहे?" लोव्हेलने मिस स्पिंककडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि नाही म्हणाला. मी म्हटलं ना, चांगला मुलगा.

दावा फेटाळला. बाहेर आल्यावर मिस स्पिंकनी पिशवीतून एक लांबलचक करडा मफलर काढला. त्या कैद्यासाठी विणायला घेतला होता, पत्ता नसल्यामुळे सहा वर्षं वाढतच गेला. मी तो दोनदा गळ्याभोवती गुंडाळला तरी टोकं गुडघ्याला लागतात. त्या दिवशी ऊन होतं, पण तसाच घालून मी गाडी चालवत घरी आलो. हेझलने चहाचा डबा खाली काढून दोनदा मोजला आणि परत वर ठेवला. संध्याकाळी सहाही जणांनी तास-दीड तास घंटा वाजवल्या. बुधवार असल्यामुळे गावाला वाटलं कुणाचं लग्न आहे.

ऑक्टोबरमध्ये आम्ही तुमच्याकडे येतो. गुडघ्याला जपा. पत्रातल्या चुका लाल शाईने दुरुस्त करून पाठवल्यात तरी चालेल, नेहमीसारख्या.

तुमचा आज्ञाधारक भाचा,
रोलंड

ता. क. प्लमचा मुरंबा दोन बरण्या वेगळ्या पाठवतो आहे. एकीचं झाकण घट्ट बसलेलं नाही. ती आधी संपवा.

ता. क. दुसरा. चौदा ऑगस्टच्या त्या शनिवारी तुम्ही आमच्याकडे राहायला होतात आणि पत्र टपालात टाकून येते म्हणून माझी गाडी नेलीत, हे मी न्यायालयात बोललो नाही, घरीही नाही. टपालपेटी आमच्या फाटकालाच आहे, हेही नाही. साठ वर्षं चिठ्ठी आली नाही म्हणालात ते अक्षरशः खरं आहे. ती मला आली.

ता. क. तिसरा. त्या पानावरचं अक्षर मी ओळखलं. ते मला तुम्हीच गिरवायला लावलं होतं. तिथे लिहिलं आहे: 'ए.साठी. त्याने आणखी एकदा विचारावं, या वेळी मी नीट उत्तर देईन.' पुढे मिस स्पिंकची खूण आहे. चर्चच्या घड्याळाला किल्ली द्यायला शनिवारी कोण येतं, हे मी कुणाला विचारलेलं नाही. चाळीस वर्षं एडगर मॉसच येतो, आणि अजून एकटाच येतो. खाली उतरला की मला न चुकता विचारतो, "मावशी काय म्हणतात?" मी म्हणतो, बऱ्या आहेत. यापेक्षा जास्त सांगायचा अधिकार मला नाही.

ता. क. शेवटचा, आणि खरं म्हणजे यासाठीच पत्र लिहायला बसलो. मिस स्पिंकचा नियम असा, की प्रार्थना पुरी झाली असं लिहिणाऱ्याने येऊन सांगितल्याशिवाय ती थांबवायची नाही. तुम्ही सांगितलेलं नाही. त्यामुळे सहा वर्षं दर बुधवारी दहा वाजता त्या ते वाक्य मोठ्याने वाचतात, आणि तिथे जमणाऱ्या आठ जणांत सर्वात मोठ्याने आमेन म्हणणारा एडगर मॉस असतो. ए. म्हणजे कोण हे त्या बापड्याला अजून ठाऊक नाही. तर मिस स्पिंकना चालू ठेवा म्हणून सांगू, की कापणीच्या सणाला तुम्ही स्वतः येऊन सांगाल, एवढं उलट टपाली कळवा. आलात तर गाडी आमच्या अंगणात लावा.