अंतिम प्रकरणातील पिस्तूल

माय, तुझ्या धाकट्या मुलाने महाविद्यालयात संस्कृताचे अध्यापन करावे आणि फावल्या वेळात रहस्यकादंबऱ्या प्रसवाव्यात, हा विधिसंकेत तुला कधी पटला नाही; ऐकायला मात्र तू बसायचीस. आणीबाणी उठली त्या वर्षीच्या उन्हाळ्यात मी पहिल्या कादंबरीचे हस्तलिखित घेऊन वर्ध्याहून एसटीने आंजीला आलो. तू स्वयंपाकघरात तूर पाखडते आहेस आणि मी पाटावर मांडी घालून, पुराण सांगायला बसलेल्या बुवाच्या आविर्भावात वाचतो आहे. माझी नायिका पँट घालते, जीप हाकते, चालत्या मालगाडीवरून उडी घेते आणि तस्करांची अखंड टोळी एकटी जेरबंद करते. नायक त्या काळात दोरखंडांनी बद्ध अशा समाध्यवस्थेत असतो. मधेच तू विचारतेस, हे पोरगी सकाळपासून उपाशीच फिरून राह्यली का. ग्रंथकर्त्याला शोभेल अशा गांभीर्याने मी तिकडे दुर्लक्ष करतो. मग येते अंतिम प्रकरण. नायिका नायकाची दोरी सोडते, लाजते, आणि आता हे तुम्हीच सांभाळा असे म्हणून पिस्तूल त्याच्या हाती ठेवते. तिथे तुझे सूप थांबले.

"काऊन देते ते त्याले?" तू म्हणालीस. "त्याच्याच्यानं तं सोताची दोरी नाई सुटली."

मी तुला लोकरुची, रसपरिपोष आणि शृंगारात होणारे वीररसाचे पर्यवसान यांवर एक लघुव्याख्यान दिले. प्रकाशकाची अट अशीच आहे हे सांगितले नाही. ते शास्त्रात बसत नव्हते. तू शांतपणे ऐकून घेतलेस. "अशा तं गावात लय हायेत, बाबू. मंग पुस्तकात राहून काय फायदा तिचा?" एवढे बोलून तू पुन्हा पाखडू लागलीस. मी पाने गोळा केली. कादंबरी यथाकाल छापून आली, बसस्थानकावरच्या दुकानात दोरीला टांगली गेली, आणि तिच्यात पिस्तूल नायकाच्याच हाती होते.

त्याच वर्षीचा पोळा आठवतो. बाबा गेल्यापासून वावर तूच पाहत होतीस. कोणता बैल कोणत्या जोखडाला रुसतो हे तुला ठाऊक, पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदशेकणीला त्यांच्या खांद्यांवर तूप-हळद चोळणारे हात तुझे, पुरणपोळ्याही तुझ्याच. तोरणाखालून सुटून बैल दारात आले. दादाने कासरा धरला. तू ओवाळणीचे ताट सजवून आणलेस, कुंकू आहे ना ते पाहिलेस, आणि उंबऱ्याच्या आतूनच ते वहिनीच्या हाती दिलेस. विधवेने ओवाळायचे नसते, हे कोणी बोलून दाखवले नाही. तू दाराआड उभी राहिलीस. तुझ्या पदराचा काठ तेवढा बाहेर दिसत होता. मी अंगणात होतो. काहीही खटकले नाही. उलट, दृश्य प्रेक्षणीय आहे असे वाटल्याचे स्मरते.

पुढचा उन्हाळा सरला आणि तू वारलीस, आणि मग उपद्रव सुरू झाला. वर्ध्यालगत पिपरी मेघेच्या घरात मी टेबलाशी बसतो, नायिका मोठ्या हिकमतीने अंतिम प्रकरणापर्यंत येते, आणि मागच्या खोलीत कोणीतरी पाखडू लागते. आमच्या घरी तूर दुकानातून निवडून येते; सूप आहे ते माळ्यावर. भूतयोनीवर माझा विश्वास नाही, तसे मी वर्गात सप्रमाण सिद्धही केले आहे. पण नायिका पिस्तूल पुढे करते त्या ओळीपाशी तो आवाज थांबतो. थांबल्यावर जी शांतता पडते, तिच्यात मला दरवेळी ते ताट दिसते, आणि ताट धरलेले तुझे हात. मनगटाच्या वर काही दिसत नाही. मी घाईघाईने लग्न लावून देतो, 'समाप्त' लिहितो आणि पंखा वाढवतो. दरम्यान, निर्भय नायिकांचा जनक म्हणून मुलींच्या एका मंडळाने मला बोलावले. शाल-श्रीफळ स्वीकारून मी स्त्रीमुक्तीवर तासभर बोललो. एका मुलीने विचारले, तुमच्या नायिका शेवटी गप्प का होतात. मी वेळेअभावी उत्तर राखून ठेवले.

दादाही गेला, माय. आता वावर वहिनी पाहते, अगदी तुझ्यासारखी, कंबरेला पदर खोचून. गेल्या पोळ्याला आम्ही आंजीला गेलो तेव्हा तिने ताट सजवले आणि उंबऱ्याच्या आतून माझ्या पत्नीच्या हाती दिले. पत्नीने मुकाट ओवाळले. परतताना एसटीत ती सारा वेळ खिडकीबाहेर पाहत होती. वहिनीनेच ओवाळावे, अशा अर्थाचे एक वाक्य मी वर्षभर मनात घडवत राहिलो. घरातला वडील पुरुष आता मीच. मी म्हटले असते तर कोणी अडवले नसते. वाक्य उत्तम झाले होते, सामासिक होते, आणि ते मला म्हणायचेच होते.

यंदा पुन्हा बैल दारात आले. शेजारच्या बाया जमल्या. वहिनीने ताट पुढे केले. मी घसा साफ केला आणि बैलाच्या शिंगावर हिंगुळाचा तांबडा रंग किती सुबक लागला आहे याचे निरीक्षण करू लागलो. पत्नीने ताट घेतलेच नाही.

"बाई, तुमीच ओवाळा," ती म्हणाली. "तुमच्या हातचं खातेत ते. मले तं शिंगं मारतेत."

वहिनीने माझ्याकडे पाहिले. मी हिंगुळाकडेच पाहत होतो. एक म्हातारी पुटपुटली, असं करत नसतेत बाई. मग वहिनीने उंबरा ओलांडला. अंगणातल्या वाऱ्याने निरांजन विझले. पत्नीने काडी ओढून पुन्हा लावले. वहिनीने दोन्ही बैलांना ओवाळले, पोळी भरवली, आणि मग बैलाच्या मानेला चेहरा लावून बराच वेळ तशीच उभी राहिली. बाया निघून गेल्या.

परवा महाविद्यालयातले चार सहकारी घरी आले होते. मी त्यांना ही हकीकत रंगवून सांगितली. ताट, उंबरा, पुटपुटणारी म्हातारी, सारे जसेच्या तसे. फक्त "तुमीच ओवाळा" हे वाक्य मी माझ्या मुखी घातले. मंडळी सद्गदित झाली; एकाने माझा हात हातात घेतला. त्याच वेळी पत्नी चहा घेऊन दारात आली होती. तिने कप एकेक करून ठेवले, साखर बरोबर आहे का ते विचारले, आणि आत गेली.

तिच्याशी मी त्याबद्दल अद्याप बोललो नाही. तुला आधी सांगतो आहे, ते हे पत्र तुला पोचत नाही म्हणून.